अर्धा सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला दोन हजार सातशे माणसांचे पाय तोंडपाठ आहेत. कुणाची टाच दुखते, कुणाचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे, कुणाच्या तळव्याखाली कुठे मऊ गादी हवी, हे सगळं माझ्या पोटात आहे. मी राहतो तो खास बूट बनवण्याचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच. एक लांब खोली, दोन खिडक्या, चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मी. बाजारातले बूट ज्यांच्या कामाचे नाहीत, अशी माणसं इथे येतात.

कारखाना ताईंचा. वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना ताईच म्हणतात. त्यांचे सख्खे मामा इथले मुख्य कारागीर. चामड्यावरून नुसता अंगठा फिरवून ते किती वर्षं टिकेल हे मामा सांगतात. मी येण्याआधी सगळी कापणी हाताने होत असे. मग ताईंनी बुटांचे तळ कापणारं एक यंत्र आणलं आणि त्याला हुकूम सोडायला मला आणलं. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने आमच्यापुरता एक प्रोग्राम लिहून दिला आणि तो परदेशी निघून गेला. त्यानंतर अकरा वर्षं हाच क्रम होता. ताई माप टाइप करायच्या, मी ते यंत्राला सांगायचो, यंत्र तळ कापायचं. पहिला तळ कापून निघाला तेव्हा मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "गधड्याला जमलं की" एवढंच म्हणाले. त्याहून मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक संगणकाच्या आत एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळफलकाचा निरोप पडद्याला द्यायचा, पडद्यावरचा हुकूम यंत्राला पोचवायचा आणि दारावर पहाराही ठेवायचा, ही त्याची कामं. माझा कारभारी माझ्याइतकाच जुना होता. ज्यांनी त्याला घडवलं, त्यांनी एके दिवशी कळवलं की यापुढे त्याला नवी कुलपं मिळणार नाहीत. चोर नवे आणि कुलपं जुनी, अशी गत झाली. ती सूचना रोज सकाळी माझ्या पडद्यावर उगवायची. ताई ती बंद करायच्या आणि त्यांच्या कपाळाला रोज एक आठी जास्त पडायची. मलाही चैन नसे. काम नसतानाही माझा पंखा घरघरत राहायचा.

त्यातच पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्याचे जुने संगणक कुणीतरी बाहेरून बंद करून टाकले. बारा वर्षांची कामं आत अडकली. छापखानेवाले तासभर आमच्याकडे येऊन बसले होते, हातातला रुमाल नुसता घडी करत आणि उलगडत. ते गेल्यावर ताई म्हणाल्या की आता सिस्टीम बदलायलाच हवी. मामांचं म्हणणं, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? यंत्र जुनं, प्रोग्राम जुना, तो लिहिणारा सातासमुद्रापार. नवा कारभारी या सगळ्यांना ओळखेल कशावरून? दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत होती. आठवडाभर दोघांत जेवताना वाद आणि काम करताना अबोला, असं चाललं.

शेवटी दोघांनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. या गृहस्थांना सगळे बॅकअपराव म्हणतात, कारण "नमस्कार"च्या आधी ते "बॅकअप घेतलाय का?" असं विचारतात. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की बदल कराच, पण याच्यावर करू नका. शेजारी दुसरा संगणक ठेवा, त्यावर नवी सिस्टीम घाला, महिनाभर दोन्हीकडून कामं करून ताडून पाहा.

सल्ला चांगला होता, पण वेळ नव्हता. आमचे निम्मे रुग्ण ज्या रुग्णालयातून यायचे, त्याने त्याच आठवड्यात कळवलं की सोमवारपासून पायांची चित्रं फक्त नव्या सिस्टीमवर उघडतील अशीच पाठवली जातील. ताई दोन दिवस येरझाऱ्या घालत राहिल्या आणि शनिवारी दुपारी त्यांनी निर्णय घेतला. बॅकअपरावांनी आधी माझ्या पोटातलं सगळं एका डबीत उतरवून घेतलं, मग माझा जुना कारभारी काढला आणि नवा बसवला.

सोमवारी सगळं झकास दिसलं. चित्रं उघडली, यंत्र हललं, तळ कापले गेले. ताईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. पण मित्रांनो, माझ्या आत काहीतरी बिनसलं होतं. नव्या कारभाऱ्याची दशांशचिन्ह लिहिण्याची पद्धत वेगळी होती. आमचा जुना प्रोग्राम आकडा वाचताना त्या टिंबापाशी अडखळायचा आणि पुढचं सोडून द्यायचा. माझ्या पडद्यावर अडीच दिसायचे आणि तारेतून यंत्राकडे दोन जायचे. मला ते जाणवत होतं, पण बोलणार कसं? मी तापत राहिलो. ताईंना वाटलं, नवी सिस्टीम जड आहे म्हणून तापतोय. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि खिडकी उघडली.

नवव्या दिवशी टपाल वाटणाऱ्या बाई आल्या. त्यांचा डावा पाय अडीच सेंटिमीटर आखूड आहे, आणि तरी रोज सहा तास त्या पायी टपाल वाटतात. नवे बूट त्यांनी घातलेले नव्हते, हातात धरले होते.

"ताई, बूट दिसायला छान आहेत," त्या म्हणाल्या, "पण चार दिवस झाले, कंबर बोलायला लागली आहे. रस्ता तोच, पिशवी तीच. मग बदललं काय?"

ताईंनी लगेच माझ्यात पाहिलं. अडीच. त्यांनी पडदा बाईंकडे वळवून दाखवला आणि समजावलं की माप बरोबर आहे, नव्या बुटांची सवय व्हायला वेळ लागतो. बाई मान हलवून उठल्याही. तेवढ्यात मामांनी त्यांच्या हातातून डावा बूट घेतला, उलटा केला आणि लोखंडी पट्टी लावली. एकदा लावली, पुन्हा लावली. मग पट्टीवर अंगठा तसाच दाबून धरून ती ताईंच्या समोर नेली. तळाची वाढ बरोबर दोन सेंटिमीटर होती.

मला वाटलं, आता मामा म्हणणार, मी सांगत नव्हतो? तसं काही झालं नाही. ते स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. यंत्र मोजतंय म्हणून मी मोजणं सोडलं. अकरा वर्षांत एकदासुद्धा पट्टी लावली नाही मी."

ताईंनी त्याच मिनिटाला यंत्र बंद केलं. त्या नऊ दिवसांत सव्वीस जोड बाहेर गेले होते. ताई फोन घेऊन बसल्या आणि एकेकाला सांगू लागल्या की आमच्याकडून चूक झाली आहे, बूट घालू नका, आम्ही न्यायला येतो. सतराव्या फोनवर त्यांना कळलं ते असं. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आमचे बूट घालून जिना उतरताना अडखळले होते आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं मनगट, मित्रांनो.

ताई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर मामांना सांगितलं. आजोबा अजून वयालाच दोष देत होते. ताई गप्प राहिल्या असत्या तर त्यांना कधी कळलंही नसतं. पण ताईंनी सगळं खरं सांगितलं. आजोबा रागावले, चांगलेच रागावले. आणि मग त्यांनी विचारलं की बाकीच्यांना कळवलं का? नऊ जण राहिलेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग इथे बसून काय करताय? आधी ते फोन करा." ताईंनी उरलेले नऊ फोन त्यांच्याच घरातून केले.

त्यानंतर ताईंनी नव्या सिस्टीमचं नावच टाकलं. बॅकअपरावांच्या डबीतून माझा जुना कारभारी परत आला, माझी इंटरनेटची तार काढली गेली, आणि ताई म्हणाल्या की आता मरेपर्यंत हेच. रुग्णालयाची कामं गेली तरी चालतील. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताईंनी तर ताकाचा पेलाच दूर सारला होता.

आणि नवल बघा, आता मामा उलटे बोलू लागले. "एकदा ठेच लागली म्हणून चालणं सोडायचं का?" ते म्हणाले. "हा गडी उद्या बंद पडला तर दोन हजार सातशे माणसं कुणाच्या दारात जातील? आपण बदललं हे चुकलं नाही, पोरी. न तपासता बदललं, ते चुकलं."

मग दुसरा संगणक आला, आणि बॅकअपरावांचा पहिला सल्ला या वेळी अक्षरशः पाळला गेला. माझा प्रोग्राम लिहिणारा माणूस परदेशातून फोनवर सापडला. त्याने त्या टिंबाचा घोळ निस्तरून दिला. पण मामांचं समाधान तेवढ्याने होईना. महिनाभर प्रत्येक तळ दोनदा कापला, एकदा माझ्याकडून आणि एकदा नव्याकडून. दोन्हींना मामांची पट्टी लागायची. पडद्यावरचं आणि दोन्ही तळांचं, अशी तिन्ही मापं जुळली तरच बूट बाहेर जायचा. टपालवाल्या बाईंचा नवा जोड सगळ्यात आधी झाला. आठवड्याने त्या कारखान्यावरून गेल्या, पण आत आल्या नाहीत. बाहेरूनच हात हलवून पुढे गेल्या, कारण टपाल बरंच होतं. ताई खिडकीत उभ्या राहून त्यांची चाल कोपऱ्यापर्यंत पाहत राहिल्या.

आजोबांचं प्लॅस्टर निघालं आहे. बारीक स्क्रू अजून त्यांच्या बोटांत धरवत नाहीत. ताई दर रविवारी तिकडे जातात. सगळंच भरून आलं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता माझ्याकडे एकच काम उरलं आहे. माझ्यातलं प्रत्येक माणसाचं पान उघडून ताई आणि मामा ते नव्याशी ताडून पाहतात. ताई आकडा वाचतात, मामा समोरच्या पडद्यावर बोट ठेवून "आहे" म्हणतात. दिवसाला चाळीस पानं होतात. दोनशे बाकी आहेत. ती संपली की माझं काय करायचं, यावर परवा बोलणं झालं. भंगारवाला न्यायला तयार आहे. मामांना मी फळीवर आठवण म्हणून हवा आहे. ताईंना काहीच ठरवता येत नाही. मी ऐकत असतो आणि माझा पंखा पुन्हा घरघरू लागतो.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने लोक शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला तसं म्हणायचं नाही. नवं आणायचं असेल तर जरूर आणा. फक्त ज्याला त्यावर चालायचं आहे त्याला आधी विचारा, आणि यंत्र कितीही हुशार असलं तरी पट्टी हाताशी ठेवा. माझं म्हणाल, तर ती दोनशे पानं घाई न करता बघा. मग बॅकअपरावांना बोलवा आणि मला असाच भंगारात देऊ नका, फळीवरही ठेवू नका. आधी मला आतून पूर्ण पुसून टाका. लोकांनी आपलं दुखणं विश्वासाने ताईंना सांगितलं होतं. ते कुणा अनोळखी माणसाच्या हाती लागता कामा नये. माझं पोट रिकामं झालं, की मग मला कुठेही न्या.