बादशाची दवा

तुमच्या घरात औषधांचा डबा आहे ना? असणारच. बहुतेक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात कापलेल्या पट्ट्या, अर्ध्या उरलेल्या बाटल्या, आणि कोणती गोळी कुणाची ते आता कुणालाच आठवत नाही. मुरुडात ज्या घरचं माणूस आखातात असतं तिथे हा डबा जरा जास्तच भरलेला, कारण तिथे पार्सल येतं. साबण, खजूर, दूध पावडर आणि सोबत हमखास एखादं तेल, एखादा बाम, कसल्यातरी गोळ्या. पार्सलमधल्या औषधावर शंका घ्यायची नसते. पोटच्या पोरानं पाठवलेलं औषध तपासून बघायचं म्हणजे पोरावरच अविश्वास दाखवायचा, अशी आपली समजूत. ती किती महागात पडते, तेच सांगायला बसलोय.

महेरुन्निसाचा फैझान दुबईला नोकरीला. शेवटचा घरी आला त्याला चार वर्षं झाली. नवरा त्याच्याही आधी गेला. घरात उरले दोघं, ती आणि बादशा. बादशा म्हणजे पिवळा बोका, एका कानाचा तुकडा उडालेला. फैझान शाळेत असताना त्याला बंदरावरून शर्टात गुंडाळून घेऊन आला होता. तेव्हा महेरुन्निसानं दोघांनाही घराबाहेर काढायची धमकी दिली होती. आता ती बादशाशी जेवढं बोलते तेवढं अख्ख्या मोहल्ल्यात कुणाशी बोलत नाही.

संध्याकाळी वळणावर एसटीचा हॉर्न वाजला की बादशा उठायचा आणि पायरीवर जाऊन बसायचा. फैझान कॉलेजातून त्याच गाडीनं यायचा ना. गाडी थांबायची, चार माणसं उतरायची, गाडी निघून जायची. मग बादशा आत यायचा. महेरुन्निसाही बघायची, पण दाराआडून. शेजारच्या निदाला दिसायला नको, एवढंच.

दोन महिन्यांपूर्वी बादशाचं खाणं सुटलं. पाणी मात्र वाटीवर वाटी प्यायचा. आणि एके दिवशी एसटी आली तरी तो उठला नाही. ते तिच्या फार जिवाला लागलं. पिशवीत घालून तिनं त्याला बाजारात जनावरांच्या डॉक्टर नेत्राच्या दवाखान्यात नेलं. नेत्रानं रक्त तपासलं, मूत्रपिंडं कमजोर झाल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला कातडीखाली सलाईन सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात बादशा पुन्हा पायरीवर दिसला.

मधल्या काळात फैझाननं व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "अम्मी, बादशा कुठे दिसत नाही?"

"हाय की, निजलाय. वय झालं बाबा त्याचं, चालायचा कंटाळा करतो."

परक्या मुलखात राबणाऱ्या पोराच्या डोक्याला कशाला घोर, म्हणून तिनं एवढंच सांगितलं. पण पोरगंही तिचंच. पंधरा दिवसांनी शेजारचा रफिक दुबईहून सुट्टीवर आला आणि त्याच्या हाती पार्सल आलं. खजुरांखाली एक गोल डबी, वर सगळी चिनी अक्षरं, आत तपकिरी पावडर. सोबत मोबाइलवर फैझानचा आवाज: "अम्मी, आमच्या ऑफिसातली चिनी मॅडम तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याला हेच देते. एकदम जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य. सकाळ-संध्याकाळ एक चमचा. बादशा पळायला लागेल बघ."

तो निरोप तिनं किती वेळा ऐकला असेल देव जाणे. पोराचा आवाज आणि त्यात बादशाचं नाव! नेत्राच्या गोळ्या गेल्या पत्र्याच्या डब्यात, आणि बांगडा उकडलेल्या पाण्यात कालवलेली पावडर बादशाच्या पोटात.

दहा दिवसांत बादशा आडवा झाला. ओकाऱ्या थांबेनात.

नेत्रानं नवा रिपोर्ट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "खाला, हा सुधारायला हवा होता. माझ्या गोळ्या पुरत नाहीत बहुतेक. आता जोरदार इंजेक्शन द्यावं लागेल. गोळ्या वेळेवर दिल्यात ना? दुसरं काही चालू नाही ना?"

"न्हाय," महेरुन्निसा म्हणाली.

का खोटं बोलली? डॉक्टरीण रागावेल म्हणून असेल. पण खरं म्हणजे तिला पोराच्या डबीबद्दल कुणाच्या तोंडून वाकडा शब्द ऐकायचा नव्हता. नेत्रानं सुई भरली. बादशानं मान उचलली आणि महेरुन्निसाच्या ओढणीवर टेकवली.

"थांबा!" ती ओरडली. "मी खोटं बोलले. धा दिवस गोळ्या दिल्याच न्हाईत मी." आणि पिशवीतून डबी काढून तिनं टेबलावर ठेवली.

नेत्रानं सुई खाली ठेवली. रागावली नाही. दुबईला फोन लावायला सांगितला. पलीकडे फैझाननं चिनी मॅडमला बोलावलं, इकडे नेत्रानं कॅमेऱ्यासमोर डबी धरली, मॅडमनं वाचली. औषध कुत्र्यांच्या सांधेदुखीचं होतं. तेही तीस किलोच्या कुत्र्याच्या मापाचं. बादशा साडेतीन किलोचा.

"पण अम्मी, चालायचा कंटाळा करतो असं तूच म्हणालीस ना," फैझानचा आवाज बारीक झाला.

महेरुन्निसानं ओढणीनं बादशाचं तोंड पुसलं.

"फैझान, चिनी औषधाला मी नावं ठेवणार नाही," नेत्रा म्हणाली. "ती विद्या रीतसर शिकलेले जनावरांचे डॉक्टर आहेत. ते जीभ बघतात, नाडी बघतात आणि त्या एका जनावरापुरतं औषध ठरवतात. आमच्या औषधांसोबतही देतात, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असतं तेव्हा. ह्या डबीला बादशा माहीत नव्हता आणि मला ही डबी माहीत नव्हती. जडीबुटीचं म्हणता, तर आपल्या कुंपणावरचा धोतराही झाडपालाच आहे."

"माझं चुकलं डॉक्टर," फैझान म्हणाला.

"दोघांचंही चुकलं. ती तुम्हाला काळजी नको म्हणून लपवते, मला राग नको म्हणून लपवते. मधल्या मध्ये हा मुका जीव जात होता."

तीन दिवस बादशा दवाखान्यात सलाईनवर होता. चौथ्या दिवशी त्यानं वाटीतलं चाटलं आणि नेत्रानं त्याला घरी सोडलं. पण तिनं स्पष्ट सांगितलं, मूत्रपिंडं काही नवी होत नाहीत. जपलं तर सहा महिने, नशीब असेल तर वर्ष.

घरी येऊन महेरुन्निसानं आधी तो पत्र्याचा डबा नेत्राकडे पाठवला, काय ठेवायचं नि काय टाकायचं ते विचारायला. मग फोन लावला.

"बेटा, बादशा बरा हाय असं सांगणार होते. न्हाय बरा. थोडे दिवस हायत त्याचे. एसटी आली की अजून तुझी वाट बघतो." ती थांबली. "आणि मी पण बघते. चार वरसं बघते. तू विचारशील तेव्हा मजेत हाय म्हणते, ते खरं न्हाय."

फैझान म्हणाला, "मी सुट्टीचा अर्ज करतो, अम्मी. मिळेल की नाही ते आत्ता सांगत नाही. पण खोटं नाही सांगणार."

मंडळी, औषध गोळीचं असो की पाल्याचं, इथलं असो की चीनचं, जाणकारानं जनावराला बघितल्याशिवाय त्याच्या तोंडात घालू नका, आणि जे घालाल ते त्याच्या डॉक्टरपासून लपवू नका. माया करणाऱ्यानं तर मुळीच लपवू नये, कारण त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

त्या संध्याकाळी एसटीचा हॉर्न वाजला. बादशा हळूहळू पायरीवर गेला. महेरुन्निसा दाराआड थांबली नाही. बाहेर आली आणि त्याच्याशेजारी बसली.

शेजारी दोरीवरचे कपडे काढता काढता निदानं विचारलं, "खाला, कुणाची वाट बघताय?"

"पोराची," महेरुन्निसा म्हणाली.