बोटीवरचा बाबा

काशीराम सुकाणी दीर्घ सफरीनंतर पेठकिल्ल्यातल्या आपल्या घरी परतला, तेव्हा ज्या एका भेटीची उजळणी तो रंगूनपासून मांडवी बंदरापर्यंत मनाशी करीत आला होता, तीच नेमकी फसली. निघताना दुपट्यात गुंडाळलेला मुलगा आता अंगणभर दुडदुडत होता. कमळेने त्याला कडेवर उचलले, नवऱ्यापुढे आणले आणि कौतुकाने म्हटले, "लवू, बघ तरी कोण आलं! बाबा आले!"

लवूने त्या मिशाळ, उन्हाने रापलेल्या पुरुषाकडे एकवार पाहिले आणि अशी किंकाळी फोडली की परसातल्या कोंबड्या कुंपणावरून उडाल्या.

"बुजलाय," काशीरामची आई गंगुबाई म्हणाली. "उद्या येईल मांडीवर."

उद्या आला, परवाही आला. लवू मांडीवर आला नाही. काशीरामची रजा जेमतेम पंधरवड्याची होती. मंदीचा काळ, बोटी थोड्या आणि खलाशी फार. दिवस चुकला तर त्याच्या जागी उभा राहण्यास मुंबईच्या गोदीवर माणसे तयारच होती. तेव्हा जे साधायचे ते या मुदतीतच साधायला हवे होते, आणि साधायचे तरी काय? मुलाने न रडता एकदा 'बाबा' म्हणावे, एवढेच. याहून माफक मागणी कोणत्या बापाने केली असेल, असे त्याला वाटे. आणि ती पुरी होत नाही म्हणून तो दिवसेंदिवस अधिक चिडे.

तो पद्धतशीर माणूस होता. होकायंत्रावरची दिशा ढळू न देणे हे ज्याचे काम, त्याला प्रयत्नांतला विस्कळीतपणा खपत नसे. प्रथम त्याने 'बाबांनी आणलाय बघ' म्हणत रंगूनचा लाखेचा हत्ती काढला. काशीराम विहिरीवर गेल्यावर लवूने तो घेतला आणि काशीराम परतताच भाताच्या कणगीमागे दडवला. मग पोफळीची विरी आली. त्या रुंद झावळीच्या बुडख्यावर मुलाला बसवून शेंडा धरून अंगणात ओढीत न्यायचे, हा कोकणातल्या पोरांचा जन्मजात खेळ. आजीने ओढले की लवू खिदळे. काशीरामने शेंडा हाती घेतला की तो गाडीतून उडी टाकावी तसा विरीवरून उतरे.

"अगो, मी काय वाघ आहे?" काशीराम कमळेवर खेकसला. "आगबोट चालवतो मी. एवढी विरी चालवता येत नाही होय मला?"

"दमानं घ्या. पोर आहे, सुकाणू नाय," कमळा म्हणाली.

एका दुपारी कमळा मुलाला अवयव शिकवीत बसली होती. नाक कुठं, कान कुठं, आजी कुठं, असे विचारताच लवूचे बोट अचूक जागी जाई. काशीराम दारामागून ऐकत होता. त्याला राहवले नाही, त्याने तिथूनच विचारले, "आणि बाबा कुठं?"

लवूचे बोट दाराकडे वळले नाही. ते खिडकीबाहेर, समुद्राच्या दिशेला गेले, आणि लगेच त्याने आईच्या पदरात तोंड खुपसले. कमळेने मान खाली घातली. गंगुबाई घाईघाईने म्हणाली, "चला, भात निवला."

यातून काही शोधून काढण्याऐवजी काशीरामने स्वतःचा निष्कर्ष काढला: दोष मिशीचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वस्तरा परजला आणि पंधरा वर्षे जोपासलेली मिशी उतरवली. ओटीवर त्याला पाहताच गंगुबाईच्या हातातले सूप खाली पडले.

"मेल्या, कुणाच्या नावानं उतरवलीस? घरात कोण मेलंय?"

"कोणी मेलं नाही. पोर भितं म्हणून काढली."

"पोर भितं म्हणून उद्या डोकं काढशील! बंदरावर तोंड कसं दाखवणार? लोक समाचाराला येतील आता!"

आणि खरोखरच शेजारची तुळसा दुपारी चेहरा पाडून समाचाराला आली. तिची समजूत घालता घालता काशीरामचा उरलासुरला धीर संपला. तो सर्वांना ऐकू जाईल असे ओरडला, "आजपासून त्याच्यापुढं माझं नाव कोणी काढायचं नाही! 'बाबांकडे जा' नाही, 'बाबा बघ' नाही. काही नाही. मला सोडा आता!"

ही आज्ञा त्याने वैतागून दिली होती. तिचा उपयोग होईल अशी त्याची मुळीच अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी गंगुबाईच्या आग्रहाने सारी मांडवीच्या पुळणीवर गेली. दडपे पोहे, नारळाच्या वड्या आणि लवूसाठी एक करवंटी, एवढा सरंजाम होता. काशीराम सर्वांकडे पाठ करून लांब बसला. हात रिकामे ठेवण्याची सवय नसल्याने त्याने ओल्या वाळूत एक खळगा उकरला, त्यात लाटेचे पाणी येईल असा पाट काढला आणि विरीचा तुकडा दुमडून त्याची होडी केली. थोड्या वेळाने त्याच्या कोपराशी एक छोटी सावली येऊन थांबली. त्याने वळून पाहिले नाही. करवंटीभर वाळू पाटात पडली आणि पाणी अडले.

"फुटलं?" लवूने विचारले.

"नाही. अडलं," काशीराम शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाला. "आता उकर."

लवूने उकरले. पाणी पुन्हा वाहू लागले. तो हसला, आणि काशीरामने श्वास रोखून होडी त्याच्या हाती दिली. दोघे बराच वेळ खेळले; एक अडवी, दुसरा उकरी. कमळा दुरून पाहत होती आणि गंगुबाई वडी तोंडाशी नेण्याचे विसरली होती.

इतक्यात खाडीच्या तोंडाबाहेर मुंबईची आगबोट दिसू लागली आणि तिने भोंगा दिला.

लवूच्या हातातून होडी पडली. तो आईकडे धावला नाही. आई दूर होती. जवळ होता तो माणूस, म्हणून त्याने काशीरामच्या गळ्याला मिठी मारली, त्याच्या खांद्यात तोंड लपवले आणि म्हटले, "बाबा आला! बाबा आला! मला लपव!"

काशीराम त्याला दोन्ही हातांनी धरून बसून राहिला. ज्या मिठीसाठी तो इतके दिवस तळमळला होता, ती त्याला त्याच्याच नावाच्या भीतीने मिळाली होती.

घरी परतल्यावर, आजीने मुलाला परसात नेल्यावर, त्याने कमळेला विचारले, "हे काय शिकवलंस त्याला?"

कमळा उसळली. "जेवत नव्हता. एकेका घासाला अंगणभर फिरवायचा. बोट वाजली की मी म्हणायची, जेव, नाय तर बाबा येतील. मग गिळायचा."

"माझंच नाव सापडलं? वाघ नव्हता?"

"वाघ सांगून पाहिला. वाघाला तो भीत नाय. वाघ कधी ओरडलाच नाय इथं. भोंगा रोज ओरडतो."

"म्हणून नवऱ्याचा बागुलबुवा केलास!"

"नवरा होता कुठं?" तिच्या डोळ्यांत पाणी आले. "तुमचं काय होतं आमच्याकडे? तो भोंगा तेवढा होता. चुकलं माझं. पण हसून सांगायला बसलं, तर पोर उपाशी राहात होतं."

काशीरामपाशी प्रत्युत्तरे पुष्कळ होती आणि त्यांतली बहुतेक न्यायाचीही होती. परंतु ती ऐकून भूत उतरणार नव्हते. उरलेले दिवस लवू त्याची पाठ सोडीना. विरीवर बसून "ए, ओढ!" म्हणे. त्याच्या हातून मुकाट्याने भात खाई. एकदा काशीरामने त्याला समोर बसवून सरळ सांगितले, "लवू, बाबा म्हणजे मीच."

लवू खदखदून हसला. "नाय. तू नाय. बाबा बोटीत."

"अरे, बोटीतून आलो तो मीच ना?"

"बाबाला मिशी."

मिशी काढण्याचा उद्योग त्याने स्वतःच केला होता.

जाण्याच्या दिवशी सारी बंदरावर आली. आगबोट बाहेर नांगरून उभी होती आणि उतारू पडावात बसून तिच्याकडे जात होते. काशीरामने वळकटी खांद्यावर घेतली, तसे लवूचे लक्ष पडावावरून बोटीकडे गेले. हा माणूस तिकडे निघाला आहे, हे त्याला उमगले, आणि त्याने काशीरामच्या धोतराचा सोगा दोन्ही मुठींत धरला.

"नको जाव! तिथं बाबा आहे!"

"अरे लवू, हेच तर—" कमळेने तोंड उघडले. काशीरामने हातानेच तिला थोपवले. आता 'बाबा तो हाच' हे मुलाला पटले तर हीच घटका किंकाळीची होणार होती. तो गुडघ्यावर बसला.

"आहे तिथं बाबा. मी ओळखतो त्याला. चांगला आहे रे तो."

"खातो?"

"पोरांना नाही खात. भात खातो. तुझ्यासारखाच."

लवूने विचार केला. "हत्ती त्यानं दिला?"

"त्यानंच. मी फक्त आणला."

पडाववाला हाका मारीत होता. लवूच्या मुठी सैल झाल्या. पूर्ण सुटल्या नाहीत. त्या काशीरामला एकेक बोट करून सोडवाव्या लागल्या.

"पुन्हा नाय काढणार तुमचं नाव तसं," कमळा म्हणाली.

"नाव काढ गो," तो चिडून म्हणाला. "रोज काढ. हत्ती देणारा म्हणून काढ."

पडाव सुटला. किनाऱ्यावर कमळेच्या कडेवरून लवू त्याला, त्या निनावी सोबत्याला, हात हलवीत होता. मध्येच भोंगा झाला. लवूने आईच्या मानेत तोंड लपवले. काशीराम उठून उभा राहिला. ते तोंड पुन्हा वर येते की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते.

"खाली बसा, सुकाणी!" पडाववाला ओरडला, आणि शीड किनाऱ्याच्या आडवे आले.