सलग तीन गैरहजेऱ्या

आमच्या ग्रुपवर चारशे माणसं आहेत आणि मी तलवाड्यात एकटी. पुण्या-बंगळूरची नोकरदार मंडळी संध्याकाळी आठला ऑनलाइन येऊन आमच्याकडच्या गावांतल्या मुलामुलींना फुकट प्रोग्रामिंग शिकवतात. शिक्षक जमवणं, वेळापत्रक लावणं, हजेरी घेणं ही हमाली माझी. वर्ग संपला की सगळे जोडलेल्या हातांचं चित्र टाकून गायब होतात.

पाटोद्याकडची सत्यशीला तेवढी मागे थांबायची. आजचं जमलं का ते सांगायची आणि विचारायची, "ताई, जेवलात का?" आई गेल्यापासून मला हे दुसरं कुणी विचारत नाही. खरं सांगायचं तर त्या एका प्रश्नासाठी मी ही सगळी उठाठेव करत होते.

वर्गात जागा तीस आणि रांग मोठी, म्हणून सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी, असा नियम मीच केला. शिक्षकांनी वाहवा केली, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दसऱ्यानंतर सत्यशीला तीनदा आली नाही. मी तिचं नाव काढलं. ती भांडेल असं वाटलं होतं, भांडली नाही.

आठवड्याने दूध आणायला निघाले तर शेजारच्या कडूबाईंच्या दाराला कुलूप. पुढच्या तीन घरांनाही. सगळी ऊसतोडीला गेलेली, दरवर्षी जातात तशी. सत्यशीलाही तिकडेच असणार, हे मला तेव्हा सुचलं. पुण्यातल्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. मी तर इथलीच.

दसरा ते गुढीपाडवा गैरहजेरी धरायची नाही, असं त्याच दिवशी ठरवलं आणि तिचं नाव परत घातलं. फोन चौथ्या दिवशी लागला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता. मी माफी मागितली, जागा तुझीच आहे म्हणाले.

"तुमचं काय चुकलं, ताई? म्या आलेच न्हाई, मंग नाव कसं ठिवताल? द्या कुनाला तरी जागा. पाडव्यापस्तोर मी समदं इसरंल."

पुन्हा पहिल्यापासून शिकवू, म्हणाले. ती नुसती हसली. हो काही म्हणाली नाही.

"गाडी भरायची हाय. जेवलात का, ताई?"

मी हो म्हणाले. सकाळपासून चहावर होते.

आता रोज आठला हजेरी घेताना तिचंही नाव घेते. परवा एका शिक्षकाने विचारलं, या कोण, कधी दिसत नाहीत. रजेवर आहेत, मी सांगितलं. वर्ग संपल्यावर दहा मिनिटं तशीच बसून राहते, मग लॅपटॉप मिटते.