इंदूच्या वाटणीच्या दोन घागरी

बाळ नुकतंच निजलं होतं. घरात चिडीचूप. वही उघडून दोन ओळी लिहाव्यात म्हणून बसले, तोच माठावरची थाळी खणकन खाली पडली. बाळ दचकून रडायला लागलं.

"इंदे, हातात जोर नाही का तुझ्या?"

मधल्या सुट्टीत पाणी प्यायला आलेली इंदू मागं सरली. मुठी परकरात लपवून उभी राहिली. मी त्या उघडून पाहिल्या. तळवे सोललेले, काथ्याची कुसळं कातडीत रुतलेली. आठ वर्षांची पोर माझी.

मग हळूहळू सगळं कळलं. शाळेचा पाणक्या दिवाळीनंतर पिंपरीच्या कारखान्यात लागला. तेव्हापासून तिसरीतल्या चार मुली रांजण भरतात, तेही गणिताच्या तासाला. पाटी रोज कोरी घरी यायची, आणि मला वाटायचं, पोर किती नीटस, पुसून आणते. पाणक्याचा म्हणून महिन्याचा आणा मात्र शाळा घेतच होती. मीच तो तिच्या परकराच्या टोकाला बांधून देत होते.

तिच्या हातांना खोबरेल लावलं, फुंकर घातली, बाळाला कडेवर घेतलं आणि तिच्याबरोबर निघाले. दारात घरमालकीण आक्काबाई गोवऱ्या थापत होत्या.

"उन्हाची कुठं गं?"

"शाळेत. पोरींना पाणी भरायला लावतात."

"मंग? जन्मभर त्येच करायचं हाय की. आत्ताच शिकलेलं बरं."

मी इंदूला घेऊन पुढं निघाले. उलट बोलले असते तर राहती खोली गेली असती.

शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं, 'पाणी जपून वापरा'. त्याच्याच खाली मुलगे चुळा भरून एकमेकांवर उडवत होते. ज्योतीराम गुरुजी टोपी मांडीवर ठेवून खुर्चीत बसले होते.

"गुरुजी, आणा घेता, मग पाणक्या कुठाय?"

"मिळत नाही हो बाई. सगळे कारखान्याकडे पळाले. आणा दोर-घागरींनाच जातो."

"मग मुलग्यांना पाठवा."

"ते सांडलवंड करतात. मुलींना पाण्याची किंमत असते." ते हसले. "तुमची इंदू तर थेंब सांडत नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

मीच शिकवलं होतं. भांडी विसळलेलं पाणी आळ्यात, हात धुतलेलं तुळशीला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्या मांडीवरची टोपी उचलून बाजूला ठेवली आणि तिथं बाळ ठेवलं.

"धरा."

विहीर ओढ्यापलीकडे. इंदूच्या वाटणीच्या दोन घागरी मी आणल्या. विहिरीवर त्या चौघींतलीच, तिची मैत्रीण शालन दोर ओढत होती. स्वतःचा सोडून माझ्या दोराला हात लावायला धावली. परत आले तेव्हा बाळानं गुरुजींचं धोतर ओलं केलं होतं.

"आता हिला आत बसवा."

"बसवतो. पण हे पाणी रोज लागेल, बाई."

"रोज आणीन."

संध्याकाळी इंदू पाटी अंगापासून लांब धरून आली, पुसू नये म्हणून. वीस भागिले चार. उत्तर बरोबर होतं. मी तिला जवळ ओढलं. ती हसली नाही. पाटीकडे बघत राहिली.

"आई, शालनची आई वारलीय. तिच्या घागरी कोण आणणार?"