कोण ओरडतं बघू

हॉस्पिटलात तिला सगळे रिपोर्टवाली म्हणत. रक्त-लघवीचे रिपोर्ट नव्हेत. कॉम्प्युटरमधून ज्याला जशी हवी तशी माहिती काढून देणारे. किती खाटा रिकाम्या आहेत, कोणतं औषध संपत आलंय, कोणाचं ऑपरेशन पुढे गेलंय. कोणीतरी डॉक्टर यायचा, एवढं एक करून द्या, रोज लागेल म्हणायचा, आणि दोनदा बघून विसरून जायचा. वर्षानुवर्षं असल्या हौसेपायी रिपोर्टांचं नुसतं रान माजलं होतं.

आता नवीन सिस्टिम येणार म्हणून साहेबांचं फर्मान निघालं, की कामाचे तेवढेच ठेवा, बाकीचे काढून टाका. ते झालं की तुमची रजा मंजूर. रजेसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. वरच्याच मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात तिची आई खुब्याचं ऑपरेशन होऊन पडली होती. घरी नेल्यावर तिच्यापाशी बसायला दुसरं होतंच कोण?

आधी तिनं सगळ्या खात्यांना रीतसर विचारलं, कोणता रिपोर्ट कोण वापरतं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांना म्हणे सगळेच लागत होते. मग तिनं जुनी युक्ती काढली. रिपोर्ट गुपचूप बंद करायचा आणि कोण ओरडतं ते बघायचं. ओरडलं तर चालू, आठवडाभर कोणी हूं की चूं केलं नाही तर कायमचा रद्द. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही तर रिपोर्टवाली. बंद केलेल्या रिपोर्टाच्या जागी नुसतं कोरं पान दिसे. औषधभांडारातून तासाभरात फोन आला, बिलिंगवाल्यानं तर खाली येऊन थयथयाट केला. बाकी सगळीकडे सामसूम.

दिवसभर या नोंदी करता करता डोळे चुरचुरायचे, मान धरायची. संध्याकाळी वर जायचं ती रोज ठरवायची, आणि जिन्यापाशी आली की वाटायचं, आईचा आत्ता डोळा लागला असेल, कशाला उठवा. आपण काय, एकाच इमारतीत तर आहोत. शिपायाबरोबर डबा पाठवायची, वॉर्डात फोन करून ताप विचारायची. इतकं जवळ असल्यावर भेटायचं राहून जातंय हे तिच्या ध्यानातच येईना. दमलेल्या माणसाचं मन मोठं हुशार वकील असतं.

शेवटी एकच रिपोर्ट उरला. दोन दिवसांत ज्यांना भेटायला कोणीच आलं नाही अशा पेशंटांची यादी. मोठ्या सिस्टरनी तो कधीतरी मागून घेतला होता. बाई कमी बोलणाऱ्या. त्या यादीचं करतात काय, हे हिनं कधी विचारलं नव्हतं. तो बंद करून आठवडा झाला होता आणि कोणी ओरडलं नव्हतं. तिला हायसं वाटलं. रद्द करण्याआधी एकदा चालवून शेवटची प्रत ठेवायची पद्धत होती, म्हणून तिनं तो चालवला. चार-पाच नावं आली. त्यातलं एक आईचं होतं.

रिपोर्ट चुकलाय, हे पहिलं मनात आलं. भेटायला येणारे पास घेतात, आपल्याला पास कुठे लागतो? पण रिपोर्ट तिनंच लिहिलेला. वॉर्डाच्या दारावर पेशंटाच्या नात्यातल्या कर्मचाऱ्याचं कार्ड लागलं तरी ती भेट त्यात मोजली जात होती. मोठ्या सिस्टर तेव्हा अडूनच बसल्या होत्या. "इथल्यांची माणसं इथेच ॲडमिट होतात हो," त्या म्हणाल्या होत्या, "आणि त्यांच्याकडेच कोणी फिरकत नाही." तेव्हा हिला हसू आलं होतं. ती कॉम्प्युटर तसाच टाकून जिना चढली.

आई जागी होती. केसांचा पार गुंता झाला होता. जेवलीस का, हे तिनं आधी विचारलं. मग इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "त्या मोठ्या सिस्टर रोज दुपारी येऊन बसायच्या गं माझ्यापाशी. केससुद्धा विंचरायच्या. आठवडा झाला, येत नाहीत."

तिनं आईच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"परवा दारातूनच हसल्या. म्हणाल्या, आता सगळ्यांकडे आपापली माणसं येतात, यादी कोरीच असते, फार बरं वाटतं बघा." आईनं पांघरूण सारखं केलं. "मी म्हटलं, हो, माझी मुलगी येते की रोज."

तिला रडू आवरेना. सिस्टर ओरडल्या नाहीत, कारण कोरं पान बघून त्यांना आनंद झाला होता. आणि आईनं तर उभ्या जन्मात कशासाठी आवाज चढवला नव्हता. तिनं डोळे पुसले, खणातून फणी काढली आणि आईच्या उशापाशी बसली.

"राहू दे गं आज," आई म्हणाली. "किती दमलेली दिसतेस."