अल्बममधली संथ चाल
मास्तरांनी पियानोवरचे हात उचलले आणि काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. याही वेळी जमलं नव्हतं.

"चाल संथ आहे," ड्रमर म्हणाला. तो त्यांचा कॉलेजपासूनचा दोस्त. "तू मात्र गाडी चुकणार असल्यासारखा पळतोयस."

"या वयात संथ वाजवायची सोय नाही रे. लोक लगेच म्हणतात, म्हाताऱ्याची बोटं गेली."

जॅझ वाजवण्यात मास्तरांची हयात गेली होती. बऱ्याच वर्षांनी नवा अल्बम होत होता आणि त्यातल्या बाकीच्या चाली झकास उतरल्या होत्या. हीच एक हटून बसली होती. खरं तर ती त्यांची सर्वांत लाडकी. घरी दुपारी वाजवून वाजवून त्यांनी ती लख्ख केली होती. इथे मात्र तिचा जीव गुदमरत होता. आता वगळावीच तिला, असं त्यांच्या ओठांवर आलंही होतं.

तेवढ्यात दार ढकलून त्यांची बायको आत आली आणि तिने हात पुढे केला.

"किल्ली."

"कसली?"

"घराची. माझीसुद्धा तुम्हीच घेऊन आलात. मघापासून आपल्याच दाराबाहेर उभी राहून शेजारणीचं पायपुसणं न्याहाळत होते मी."

ड्रमर खो खो हसला. "बसा हो वहिनी. एवढी एक चाल अडलीय, मग सगळेच निघू."

ती भिंतीकडच्या सोफ्यावर बसली. चपला काढून तिने पाय वर घेतले, डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

"झोपली," मास्तर म्हणाले. त्यांना नवल वाटलं नाही. लग्न झाल्यापासून हे असंच होतं. त्यांनी पियानो उघडला की हिचा डोळा लागायचा. सुरुवातीला ते रुसायचे. पुढे त्यांनी नाद सोडला.

"उठवू का?" ड्रमरने विचारलं.

"नको, दमली असेल."

मास्तरांनी पियानोचं वरचं झाकण अर्धं उतरवलं आणि बोटं पट्ट्यांवर अलगद टेकवली. ड्रमरने काठ्या बाजूला ठेवून हलक्या आवाजाचे तारांचे ब्रश उचलले. रेकॉर्डिस्टने बटण दाबलं.

झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी चाल उलगडत गेली. मास्तरांना कुठे पोहोचायची घाई राहिली नाही. मध्येच डाव्या हाताचं एक बोट भलत्याच पट्टीवर पडलं; त्यांनी त्या सुराला गोंजारलं आणि बरोबर घेऊन पुढे नेलं. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही.

"झालं," काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "आता याला कुणी हात लावायचा नाही."

"गधड्या," ड्रमर म्हणाला, "इतके दिवस कुठे दडवलं होतंस हे?"

मास्तर आणि बायको बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर उतरतं ऊन होतं. थोडं चालल्यावर बायको म्हणाली, "डाव्या हाताचा तो सूर चुकला ना, तो तसाच राहू द्या. गोड लागला."

मास्तर थबकले.

"तू झोपली होतीस ना?"

"हो तर."

"मग तुला कसं..."

ती थांबली नाही. पदर सावरत, समोर पाहतच म्हणाली,

"मी जागी असले की तुम्ही फार घाई करता."