धरून ठेवलेली नोंद

“गाडीची नोंद उघडली का बाई, एक तर सेव्ह करा, नाई तर रद्द करा. उघडी टाकून उठू नका. पडद्यावर नुसतं दिसते, समदं असते तिथी चंद्रपूरच्या सर्व्हरमध्ये. एकानं नोंद धरून ठेवली का सर्व्हर दुसऱ्याले तिले हात लावू देत नाई.”

चंद्रपूरच्या मुख्य ऑफिसातला सुरेंद्र बांबूच्या डेपोवर कॉम्प्युटर शिकवायला आला, तेव्हाचं त्याचं हे बोलणं. वजनकाट्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अन्नपूर्णाला ते शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. तिची करिष्मा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मार्कंडादेवाला ती नवस बोलली होती, श्रावणाचे सगळे सोमवार दिवेलागणीपर्यंत मौन धरीन, माझं बोलणं लेकीला दे. मधेच मोडलं, तर पुढच्या श्रावणात पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी ड्रायव्हर इस्तारीचा बांबूचा ट्रक भरलेला तोलला गेला. मग साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर त्याची नोंद दुरुस्त करताना नंबराची शंका आली. एरवी तिनं खिडकीतून हाक मारून विचारलं असतं. आज उठून नंबरप्लेट बघायला गेली. तेवढ्यात साहेबांनी, गुणवंतरावांनी, केबिनला कुलूप घातलं आणि मोटारसायकल राजुऱ्याकडे काढली. ती टाळ्या वाजवत मागं धावली. इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार?

आता बांबू उतरवून ट्रक काट्यावर रिकामा उभा होता. अन्नपूर्णानं काट्याजवळच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वजन भरलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं ते हलेना. ती ज्या नोंदीची वाट बघत होती, ती कुलपाआड तिनंच धरून ठेवली होती.

“पावती नाई तं फाटक नाई,” गेटवरचा झिंगू म्हणाला. “माझी नोकरी जाईन ना भाऊ.”

“अरे, नाल्याले पाणी चढून राह्यलं!” इस्तारी सीटवरूनच ओरडला. “बायकोचे दिवस भरले. तिले सांगून आलो, दुपारच्या आत येतो अन् दवाखान्यात नेतो. ट्रकाबिगर नाला कोन पार करते?”

मोबाइलला रेंज नव्हती; झिंगूनं आत येऊन डेपोच्या तारेच्या फोनवरून सुरेंद्रला गाठलं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “कोनी तरी नोंद धरून बसलं हाय. तुमचं सॉफ्टवेअर समद्यायले एकाच नावानं इथी पाठवते, मले कोन ते कसं कळन? चार जन अर्ध्या कामात हायेत. भलत्याले तोडलं तं त्याचं काम पान्यात.”

अन्नपूर्णानं छातीवर बोट ठेवलं, मग कुलपाकडे दाखवलं.

“बाई म्हनते, साहेब कुलूप लावून गेले,” झिंगूनं कळवलं.

तिनं नाही अशी मान हलवली, चिठ्ठीवर लिहून पुढं केलं.

“मले काऊन दाखवता? मी अंगठेबहाद्दर. अन् या इस्तारीले नंबराशिवाय काई वाचता येत नाई.” झिंगू हसला. “आजच्या दिवशी बाईले मुकं व्हायचं होतं!”

इस्तारी हसला नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

अन्नपूर्णानं डोळे मिटले. मार्कंडादेवाची पिंड डोळ्यांपुढं आणायला गेली, तर करिष्माचे मिटलेले ओठच दिसले. तिनं झिंगूच्या हातून फोन घेतला.

“सुरेंद्रभाऊ, मी अन्नपूर्णा. ते मीच धरून ठेवलं. सकाळी नऊच्या भोंग्याले उघडलं होतं.”

झिंगूचं हसू जागच्या जागी विरलं.

“हं, त्या वेळचा एकच हाय. तोडू? तुम्ही अर्धं लिहिलेलं जाईन.”

“जाऊ द्या.”

वाळूचं घड्याळ गेलं. प्रिंटर करकरला. अन्नपूर्णानं पावती फाडून खिडकीतून इस्तारीच्या हातात दिली.

“बाई, तुमचा सोमवार...” तो म्हणाला.

तिनं हातानंच जा म्हटलं.

इस्तारीनं पावती कपाळाला लावली. झिंगूनं फाटक उघडलं. हॉर्न न वाजवता ट्रक काट्यावरून हळूच उतरला आणि नाल्याच्या रस्त्याला लागला.